आजीला तुम्ही

स्टॉकहोममध्ये राजा सोडला तर सगळ्यांना तू. डॉक्टरला तू, मंत्र्याला तू, मुख्याध्यापकाला तू, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दारात उभा राहिलेल्या नळवाल्यालाही तू. राजाशी बोलताना मात्र "राजेसाहेब कॉफी घेणार का" असं विचारायचं, जणू राजेसाहेब शेजारच्या खोलीत आहेत आणि आपण त्यांच्याविषयी बोलतोय. पण राजा रोज कुठे भेटतो? त्यामुळे आल्बिनला उभ्या आयुष्यात कुणा एकाला तुम्ही म्हणायची वेळ आली नव्हती. ती फिलिपानं आणली.

फिलिपा त्याची मालकीण. पर्यटकांना शहर दाखवायची छोटीशी कंपनी होती तिची. उन्हाळ्यापुरते चार-पाच गाइड ठेवायची आणि पानं पिवळी पडली की त्यातला एखादाच कायम करायची. आल्बिनचा हा तिसरा उन्हाळा. "म्हाताऱ्या मंडळींना तुम्ही म्हणत जा," तिनं यंदा सगळ्यांना बजावलं होतं. "तू तू काय करता? तुम्ही म्हटलं की कशी अदब दिसते!" फिलिपा स्वतः चौतिशीची. ही अदब तिला एका महागड्या हॉटेलात सापडली होती. तिथला वेटर तिला तुम्ही म्हणाला आणि बाई आठवडाभर हवेत होत्या. आल्बिनला ते लगेच पटलं. कायम होण्यासाठी त्यानं राजवाड्यासमोर कोलांट्या मारणंही पटवून घेतलं असतं.

आणि नेमकी त्याच दिवशी फिलिपा त्याचं काम ऐकायला आली, ज्या दिवशी उत्तरेतून आदल्या रात्री आलेली त्याच्या आजीची बस त्याच्या वाट्याला आली.

आजीचं नाव सिगब्रिट. ओंगरमान नदीकाठच्या गावात राहायची. आल्बिनची आई नर्स, तिला सारख्या रात्रपाळ्या, त्यामुळे पोरगा वाढला तो आजीच्याच स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या बाकावर. यंदा गावातल्या निवृत्त मंडळींची सहल निघाली तेव्हा सिगब्रिटनंच हट्ट धरून नातवाची कंपनी ठरवायला लावली. आदल्या दिवशी सबंध वाटेत तिनं बसमधल्यांचे कान किटवले होते. आल्बिनला ती आब्बे म्हणायची. आमचा आब्बे असं बोलतो, आमच्या आब्बेला अमुक राजाचं तमुक साल पाठ. आल्बिनला हे सगळं ठाऊक होतं, कारण फोनवर आजीनंच सांगितलं होतं. फिलिपाला मात्र त्यानं या गटात माझी आजी आहे, हे सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणता राहून गेलं, असं तो स्वतःला समजावत होता. खरं म्हणजे त्याला ते सांगायचंच नव्हतं.

कारण काय, तर आजीचं बोलणं. उत्तरेची माणसं तोंडानं हो म्हणत नाहीत. ओठांचा चंबू करतात आणि श्वास आत ओढतात, श्शुप! झालं हो. आल्बिन शिकायला शहरात आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या श्शुपवर वर्गातली पोरं हसून हसून लोळली होती. त्यानं तो श्वास महिनाभरात गिळला आणि शहरी हो म्हणायला शिकला. इतका चांगला शिकला की आपण कुठले, हे कुणी विचारीनासं झालं. त्याचा त्याला अभिमान होता.

बस राजवाड्याच्या चढावर थांबली. मंडळी कण्हत-कुंथत उतरली. नवा निळा कोट घातलेली सिगब्रिट सगळ्यांत पुढे, हातात कापड झाकलेली टोपली.

"आब्बे! अरे, हनुवटीला काय लावून घेतलंयस?"

असं म्हणत तिनं बाहीतला रुमाल काढला, त्याचं टोक जिभेला लावलं आणि हात पुढे केला. लहानपणापासून हजारदा तो रुमाल त्या हनुवटीवरून फिरला होता. पण चार पावलांवर फिलिपा उभी होती. आल्बिन मागे सरकला.

"नमस्कार, स्टॉकहोममध्ये स्वागत," तो गाइडच्या खणखणीत आवाजात म्हणाला. "तुम्ही जरा बाकीच्यांबरोबर उभ्या राहाल का? म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू येईल."

रुमाल हवेतच राहिला. सिगब्रिटनं नातवाकडे पाहिलं, मग त्याच्या छातीवरच्या पट्टीकडे पाहिलं, जणू नाव वाचून खात्री करून घेत होती. श्शुप, तिनं श्वास ओढला, रुमाल बाहीत सारला आणि मागे जाऊन डाग्नीच्या शेजारी उभी राहिली. डाग्नी तिची शाळेपासूनची मैत्रीण. जिभेला हाड नसलेली, पण त्या क्षणी तिनं नुसतं सिगब्रिटच्या टोपलीवरचं कापड सारखं केलं.

संध्याकाळी समजावून सांगू, त्यानं ठरवलं. कामाचा भाग आहे, आजीला कळेल.

मोठ्या चर्चमध्ये तो रंगात आला. घोड्यावरचा संत, त्याच्या खाली उताणा पडलेला ड्रॅगन, सगळं लाकडाचं. "तुम्ही इथे हळू बोललात तरी चालेल," तो एकेकीकडे वळून म्हणाला, "या कमानी चहाडखोर आहेत, सगळं पोचवतात. आता तुम्ही जरा ड्रॅगनकडे पाहा." प्रत्येक 'तुम्ही'ला म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या. एक म्हातारबुवा तर सरळ पाठ फिरवून खिडकीची काच बघायला निघून गेले. आल्बिनला वाटलं, भारावलेत.

तेवढ्यात सिगब्रिटनं हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा.

"गाइडसाहेब सांगतील का, त्या ड्रॅगनची शिंगं खरी आहेत का?"

आल्बिनला हसू आलं. आजी थट्टा करतेय. "खरी आहेत. एल्कची. तुमच्याकडच्याच जंगलातली असतील."

"गाइडसाहेबांची हरकत नसेल तर मी त्या बाकावर जरा टेकू का?"

या वेळी त्याला हसू आलं नाही. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. असं बोलतात ते फक्त राजाशी. "बसा ना," तो म्हणाला, आणि ती श्शुप करून खांबापलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

फिलिपानं त्याला कमानीखाली बाजूला घेतलं. तिचे डोळे चमकत होते. "ऐकलंस ना? गाइडसाहेब! अरे, आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं आपल्या कुणाला. हीच ती अदब, मी म्हणत होते ती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण त्या निळ्या कोटवाल्या आजीबाईंना काय होतंय? सारख्या श्वास काय ओढतायत? दमाबिमा आहे का? वाटेत काही झालं तर आपल्या गळ्यात यायचं."

आता सांगायची वेळ होती. ती माझी आजी आहे, आणि तो दमा नाही, ते हो आहे. दोन वाक्यं. आल्बिननं तोंड उघडलं.

"असेल," तो म्हणाला. "वय झालंय." आणि वर थोडं हसला.

ते हसणं त्याचं त्यालाच तोंडात मारल्यासारखं लागलं. फिलिपाही हसली, त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "सप्टेंबरात बोलू आपण. चांगलं बोलू," आणि निघून गेली. आल्बिननं खांबाकडे पाहिलं. सिगब्रिट टोपली मांडीवर धरून ड्रॅगनकडे बघत होती.

होडीनं मंडळी पलीकडच्या बेटावर गेली. वासा जहाजाच्या संग्रहालयासमोर हिरवळ आहे, तिथे जेवण. डबे उघडले, थर्मास फिरले. सिगब्रिटनं टोपलीवरचं कापड काढलं. आत पातळ भाकऱ्यांच्या गुंडाळ्या, लोणी आणि निवळीचं गोड तपकिरी चीज लावलेल्या. चुलीवर भाजलेल्या, कडेला जरा करपलेल्या. करपलेली कड आल्बिनला आवडायची म्हणून ती मुद्दाम करपवायची. तिनं सगळ्यांना वाटल्या. बसच्या ड्रायव्हरलाही हाक मारून दिली.

फिलिपा गेलीच होती. आल्बिन गवतावर तिच्याजवळ बसला. "आजी, मला?"

सिगब्रिटनं कागदी रुमालावर एक गुंडाळी ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "गाइडसाहेबांना साधं खाणं चालत असेल तर."

"अगं, काय लावलंयस हे गाइडसाहेब गाइडसाहेब? आब्बे म्हण की."

"साहेबांचा कामाचा दिवस आहे."

"आजी, रागावलीस का?"

"छे."

"मग? प्रवास बरा झाला ना?"

"होय," सिगब्रिट म्हणाली. स्वच्छ, शहरी होय, बाहेर टाकलेल्या श्वासाचं. मग ती उठून पाण्याकडे चालू लागली. आल्बिननं भाकरीचा घास घेतला. कड करपलेली होती. घास काही घशाखाली उतरेना.

"उतरत नाही ना?" मागून डाग्नी म्हणाली. "कसा उतरेल! आजीला तुम्ही म्हणणाऱ्याच्या घशाखाली भाकरी जायला नकोच."

"डाग्नीमावशी, मी मान दिला सगळ्यांना! तुम्ही म्हणजे मान."

"मान?" डाग्नी त्याच्याकडे टकामका बघत राहिली. "कुणी सांगितलं तुला हे?"

"म्हणजे... सगळेच म्हणतात. हॉटेलात म्हणतात."

"अरे गाढवा," डाग्नी त्याच्यासमोर गवतावर बसली. बसताना तिचे दोन्ही गुडघे वाजले. "कर्नलाच्या बायकोला कर्नलीणबाई म्हणायचं. वकिलाच्या बायकोला वकीलीणबाई. कर्नलीणबाई बसतील का, वकीलीणबाई लोणी घेतील का. आणि ज्याला काही पदच नाही, ज्याची दखल घ्यायचीही गरज नाही, त्याला तुम्ही. 'तुम्ही, ती बाटली बदला.' 'तुम्ही, बाजूला व्हा.' आमच्या वेळी तुम्ही म्हणजे हे. वरून खाली फेकायचा शब्द होता तो. खालच्यानं वर फेकला तर खैर नाही."

"तुझी आजी सोळा वर्षांची होती तेव्हा याच शहरात दुधाच्या दुकानात कामाला होती. ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. आजीनं स्टॉकहोम कधी पाहिलेलंच नाही, असं तो समजत होता.

"सगळ्या बायका तिला तुम्ही म्हणायच्या. एक दिवस दुकानात गर्दी होती. कुणीतरी मॅजिस्ट्रेटची बायको. सिगब्रिटला तिचं पद काही आठवेना, आणि घाईत तोंडातून गेलं, तुम्ही पिशवी विसरलात. झालं. त्याच दुपारी मालकानं कामावरून काढलं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. बायकांचं तुम्ही तिनं रोज मुकाट ऐकून घेतलं होतं, पण तो दिवस ती कधी विसरली नाही. गावी परत आली ती पुन्हा या शहराचं नाव काढलं नाही. पुढे सगळ्या देशानं तू धरलं ना, तेव्हा आमच्या दवाखान्यात एक नवा डॉक्टर आला. तो तिला म्हणाला, 'बस, तुला काय होतंय?' तर ही घरी जाऊन केक करून घेऊन गेली त्याला! काय झालंय तेही सांगायची विसरली. आणि आज, तुझ्यासाठी पुन्हा आली इथे. सगळ्यांसमोर तू तिला काय म्हणालास?"

आल्बिनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हातातली भाकरी तशीच. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "शपथ, मावशी. मला खरंच माहीत नव्हतं."

डाग्नीनं त्याला नीट निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. "हं. तुझं वय तरी काय. थांब, मी सांगते तिला."

ती उठून गेली आणि आल्बिनला हायसं वाटलं. माहीत नव्हतं! खरंच माहीत नव्हतं. खोटं नव्हतं त्यात तीळभरही. पण हायसं वाटलं त्याच्या पाठोपाठ त्याची त्यालाच किळस आली. शब्दाचं माहीत नव्हतं. मागे सरकलो ते? दमा असेल म्हणालो ते? ते कोणत्या मालकिणीनं शिकवलं होतं?

संग्रहालयात अंधार असतो, जहाजाला उजेड सोसत नाही. एवढं अवाढव्य लाकडी धूड, नक्षीनं मढवलेलं. पहिल्याच फेरीला निघालं, अख्खं शहर किनाऱ्यावर टाळ्या वाजवायला जमलं, आणि बंदरातच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, वाऱ्याच्या झुळकीनं कलंडून बुडालं. वर तोफा फार, तळाला भार कमी. तीनशेहून जास्त वर्षांनी ते चिखलातून काढलं, आणि आता ती फजिती बघायला जगभरचे लोक तिकीट काढतात. आल्बिनचा इथे एक ठरलेला विनोद होता: जहाज सुंदर होतं, फक्त तरंगायचं विसरलं. आज तो विनोद त्याच्या तोंडातून निघाला, पण कुणी हसलं नाही आणि त्यालाही हसवेना.

सिगब्रिटचा हात वर झाला. डाग्नीनं तिला सांगितलं होतं की नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"शिक्षा कुणाला झाली?"

या वेळी तिनं गाइडसाहेब म्हटलं नाही. पण आब्बेही म्हटलं नाही.

"कुणालाच नाही," आल्बिन म्हणाला.

"कुणालाच?"

"चौकशी झाली. बांधणारे म्हणाले, आम्हाला मापं मंजूर करून दिली होती, आम्ही त्याप्रमाणे बांधलं. कप्तान म्हणाला, मला जसं मिळालं तसं मी चालवलं. सगळे म्हणाले, आम्हाला सांगितलं तसंच आम्ही केलं."

बोलता बोलता त्याचे कान तापले. हे वाक्य तो दिवसातून दोनदा म्हणायचा, पण आज कुणीतरी ते त्याच्याच विरुद्ध वाचून दाखवतंय असं वाटलं. तो थांबला. मंडळी वाट बघत होती. "आजी," असं तो म्हणणार होता, सगळ्यांसमोर, आता, इथे. पण मागून दुसऱ्या कंपनीची गाइड आपला गट घेऊन आली. ओळखीची होती, तिनं हात केला. आल्बिननंही हात केला. "चला," तो मंडळींना म्हणाला, "बस आली असेल."

तेवढंच जमलं त्याला. जिन्यावरून उतरताना त्याला आपला इतका राग आला की त्यानं कठड्यावर मूठ आपटली, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून वळून पाहिलं. तेही त्याला जमलं.

बस उभी होती. एकेक जण चढत होता. म्हाताऱ्यांनी त्याच्याशी हात मिळवले, बऱ्या मनानं. म्हणजे डाग्नीनं सगळ्यांना सांगितलं होतं. चर्चमध्ये पाठ फिरवून गेलेले ते म्हातारबुवासुद्धा बसमधून मुद्दाम खाली उतरून आले आणि त्याची पाठ थोपटून गेले. पोरगा अजाण होता, चुकून बोलून गेला. जो तो माफ करत होता आणि प्रत्येक थापटीसरशी आल्बिन आणखी खाली जात होता.

सिगब्रिट सगळ्यांत शेवटी. रिकामी टोपली कोपरात. ती त्याच्यासमोर थांबली. त्याच्यापेक्षा हातभर बुटकी, त्यामुळे मान वर करावी लागली.

"डाग्नी म्हणते, तुला माहीत नव्हतं."

तुला. दिवसभरात पहिल्यांदा. आल्बिनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुला माहीत नव्हतं, हो ना?"

तिनं दार उघडून धरलं होतं, नुसतं आत यायचं होतं. सांगावं, शब्दाचं माहीत नव्हतं पण बाकीचं सगळं माहीत होतं, असं त्याच्या मनात आलं. ओठांपर्यंत आलंही. आणि ओठांचा चंबू झाला, श्वास आपोआप आत गेला. श्शुप. किती वर्षांनी आला तो आवाज तोंडातून, त्यालाच कळेना. हो आजी, माहीत नव्हतं.

सिगब्रिट क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग बाहीतला रुमाल काढून तिनं टोक जिभेला लावलं. आल्बिन वाकला. या वेळी मागे सरकला नाही. तिनं त्याची हनुवटी पुसली. तिथे काही नव्हतं, सकाळीच तो धुऊन आला होता, तरी तिनं नीट, सावकाश पुसली आणि गालावर हात ठेवला.

"जेवत जा वेळेवर," ती म्हणाली आणि पायरी चढली.

आल्बिननं सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या पायरीवर ती वळली. आवाजात राग नव्हता, लहानपणी अभ्यासातली चूक दाखवायची तसं सांगितलं तिनं.

"आणि आब्बे, मला दमा नाही."

ड्रायव्हरनं दार लावलं.